मुरमाचा रंग

बाई, मी तुमच्या शाळेतली नव्हे. तुमच्या हजेरीपटावर माझं नाव कधीच नव्हतं. मी इस्पितळातली. नगरच्या बाहेर, लष्कराच्या हद्दीला लागून जे धर्मादाय इस्पितळ होतं, त्यातल्या मुलांच्या लांबट वॉर्डात खिडकीपासून दुसऱ्या खाटेवर पाठीचा क्षय झालेली देवळाली प्रवऱ्याची एक मुलगी वर्षभर उताणी पडून होती, ती मी. तुम्हाला आठवत असते की नाही, कोण जाणे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही यायचात. खांद्याला खाकी पिशवी, पदर कमरेला खोचलेला, आणि चपला दाराशी काढाव्यात की घालूनच आत यावं, याचा दर वेळी पडणारा घोळ. कितीतरी मुलांना तुम्ही कागद वाटलेत. त्यातलं एकेक मूल लक्षात ठेवायला तुम्ही काही आमच्यासारख्या छताकडे बघत पडून नव्हतात. आम्ही मात्र पडून होतो, त्यामुळे तुमचं सगळं आमच्या लक्षात राहिलं.

पावसाळा कोरडा गेला त्याच वर्षी मला तिथं आणलं. आमच्याकडे कालव्याचं पाणी होतं, वडिलांचा ऊस होता, त्यामुळे दुष्काळ म्हणजे काय ते मला कळलं वॉर्डात आल्यावरच. माझ्या पाठीच्या मापाची प्लास्टरची एक खोबण केलेली, तिच्यात मी दिवसरात्र. रोज एक सुई, मूठभर गोळ्या, आणि हलायचं नाही. अकराव्या वर्षी हलायचं नाही म्हणजे काय हे मोठ्या माणसांना सांगून कळत नाही. वर छताच्या तुळया, एक पाल, आणि पंखा कधी बसलाच नाही असा एक लोखंडी हूक. बाहेरच्या रस्त्यानं लष्कराचे रणगाडे गेले की खाटेच्या दांड्यांना बारीक कंप सुटायचा. तेवढीच करमणूक. आई पंधरवड्यातून एकदा यायची, डब्यात लाडू आणायची आणि माझ्या उशाशी बसून वॉर्डातल्या बाकीच्या बायांशीच बोलायची. माझ्याकडे बघितलं की तिला रडू यायचं म्हणून.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते स्वातंत्र्यदिनी, शाळेच्या मुली घेऊन. मुलींनी केळी वाटली, एक गाणं म्हटलं आणि त्या रांगेनं बाहेर पडल्या. तुम्ही मागं राहिलात. इतर लोक खाटेशी आले की आमच्यावर वाकायचे. तुम्ही उलट मान वर केलीत आणि मी जिथं बघत होते तिथं बघितलंत. बराच वेळ.

"एवढंच दिसतं का गं दिवसभर?"

"पाल पण दिसते," मी म्हटलं.

तुम्ही हसला नाहीत. "कुठं आहे?" म्हणून शोधायला लागलात.

पुढच्या शनिवारी तुम्ही एकट्याच आलात. प्लायवुडच्या एका फळीला चार कोपऱ्यांत भोकं पाडून सुतळ्या ओवल्या होत्या, आणि त्या सुतळ्या तुम्ही मच्छरदाणीच्या दांड्यांना बांधल्यात, फळी माझ्या तोंडावर टांगलीत, तिच्या खालच्या अंगाला कागद डकवलात. म्हणजे मी पडल्यापडल्या हात वर करून काढू शकेन. आधी जलरंग करून बघितले. पहिल्याच फटक्याला निळ्या रंगाचा थेंब माझ्या डोळ्यात पडला, मी ओरडले, सिस्टर धावत आल्या आणि तुम्हाला बोलल्या, "हे असले उद्योग वर्गात करा, माझ्या वॉर्डात नकोत." तुम्ही ऐकून घेतलंत. त्यापुढच्या खेपेला तेलकट खडू आणलेत. तेव्हा या गोष्टीला कुणी काही नाव देत नव्हतं. उपचार वगैरे शब्द तर तुमच्या तोंडी मी कधीच ऐकला नाही. सुई झाली, औषध झालं, आता चित्रं काढायची, बास. मी पालीपासून सुरुवात केली. मग छताला आकाश केलं, मग आमचा कालवा, मग उसाच्या गाड्या. हात दुखून यायचे. पण शनिवार कधी येतोय असं व्हायचं, आणि शुक्रवारी रात्री ताप असला तरी मी तो सिस्टरना सांगायची नाही, उद्या फळी बांधू देणार नाहीत म्हणून.

ती आली थंडीत. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊकच होतं. नऊएक वर्षांची, तिसगावच्या पलीकडच्या एका वाडीवरची. आई-बाप दुष्काळी कामावर होते, मुरूम खोदायच्या. ही धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर जायची. खोदकामाची उभी कड कोसळली आणि दोघं खाली सापडली. हिला मांडीचं हाड मोडून बाहेर काढलं. तो गेला. हे सगळं आम्हाला कळलं ते वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींकडून, कारण ती स्वतः एक अक्षर बोलत नव्हती. पायाला पट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी चाकावरून खाली सोडलेली आणि टोकाला वाळूची पिशवी. जखम चिघळली होती, त्यामुळे महिनामहिने पडून राहायचं होतं. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले. सगळं ठीक होतं. पट्टी बदलताना बाकीची मुलं वॉर्ड डोक्यावर घ्यायची. ती नुसती डोळे मिटायची. तिच्या न रडण्याची मला भीती वाटायची, बाई. तिची खाट माझ्या उजव्या हाताला होती, आणि मी शक्यतो डावीकडे मान करून झोपायची.

तुम्ही तिलाही फळी बांधलीत. पहिले काही शनिवार कागद कोराच उतरवून घेतलात. एकदाही "काढ ना गं" म्हणाला नाहीत. मग एका शनिवारी तिनं तपकिरी खडू उचलला आणि कागद भरायला सुरुवात केली. आकार नाही, रेघ नाही. नुसतं भरायचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, खडूचा तुकडा बोटात धरता येईनासा होईपर्यंत. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिच्या उशीवर तपकिरी चुरा पडलेला असायचा. सिस्टर म्हणायच्या, "बाई, हिच्यापायी तुमचे खडू वाया चाललेत." तुम्ही इतर मुलांच्या डब्यांतले तपकिरी खडू गोळा करून तिच्यासाठी वेगळे ठेवायला लागलात. माझाही नेलात. मला राग आला. मी तिला म्हटलं, "काहीतरी चांगलं काढ की. सूर्य काढ, फूल काढ. हे काय शेण सारवल्यासारखं!"

तुम्ही तेव्हा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतात. तिथून चालत माझ्यापाशी आलात. तुमचा आवाज चढला नव्हता, पण मला आजही तो तसाच्या तसा आठवतो. "तिनं काय काढायचं ते तिचं ती बघेल. तू तुझा कागद बघ." बस्स, एवढंच. मला इतकं लागलं की मी त्या दिवशी काहीच काढलं नाही. जाताना तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात, तरी मी बोलले नाही. नंतर तुम्ही सिस्टरना हळू सांगत होतात ते मला ऐकू आलं. "मुरमाचा रंग आहे तो." मी उजवीकडे मान वळवली. ती डोळे उघडे ठेवून फळीकडे बघत होती. त्यानंतर मी डावीकडे तोंड करून झोपायचं सोडून दिलं.

मग त्या तपकिरीत एके दिवशी थोडी जागा कोरी राहिली. नखाएवढी. आम्हाला वाटलं चुकून सुटली. पुढच्या आठवड्यात ती वाढली. त्या जागेला कडेनं गोलावा आला, मग डोकं, मग पोट, मग दुमडलेले पाय. रंग नव्हताच त्याला, कागदाचाच पांढरा. चहूबाजूंनी मुरूम आणि मध्ये एक पोर झोपलेलं. तुम्ही तिच्या खाटेशी स्टुलावर बसला होतात. तिनं हात वर केला आणि बोट त्या पांढऱ्यावर ठेवलं.

"त्यो हितं हुता," ती म्हणाली.

आवाज फुटका, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेल्या रहाटासारखा. औषधाची ढकलगाडी घेऊन मावशी चालल्या होत्या, त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. तुम्ही दचकला नाहीत, तिला जवळ घेतलं नाहीत, शाबास म्हणाला नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, "हं."

"सावली हुती म्हून ठिवला. मीच ठिवला."

"हं," तुम्ही म्हणालात. तुमचा हात खाटेच्या दांडीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. मला पडल्यापडल्या तेवढंच दिसत होतं. मग ती रडली. पहिल्यांदाच. पट्टी बदलताना रडतात तशी, मोठ्यानं. सिस्टर धावत आल्या आणि या वेळी तुम्हाला काही बोलल्या नाहीत. त्याही खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर ती बोलायची. फार नाही. पाणी माग, अंग खाजवतंय म्हण, असं. माझ्याशी थोडं जास्त. दुपारी वॉर्ड झोपला की मला विचारायची, "तुमच्यात कालवा हाय का खरंच? समदीकडं पानी?" मी कालव्यात पोहायच्या बढाया मारायची. तिला ते खरं वाटायचं नाही. "लई सांगतीस," म्हणायची. एकदा ती हसली सुद्धा. तिचा बाप कामावरून सुटी मिळेल तेव्हा यायचा, पण त्याच्यासमोर तिची वाचा बंद व्हायची. डॉक्टर त्याला म्हणाले, घाई करू नका, बोलायला लागलीय, तुमच्याशीही बोलेल.

आपले डॉक्टर भला माणूस. त्यांनीच तुमचा विषय कमिटीपुढे नेला. इस्पितळानं तुम्हाला अर्धा पगार द्यावा, कागद-खडूचा खर्च उचलावा, तुम्ही शाळा सोडून रोज यावं, मुलांच्या वॉर्डात आणि जमलं तर बायकांच्याही. तुम्ही तयार होतात. शाळेत आज ना उद्या बदली होणार हे तुम्हाला दिसत होतं. उन्हं तापायला लागली तेव्हा कमिटीची माणसं वॉर्ड बघायला आली. तुम्ही भिंतीला दोरी बांधून चित्रं लावली होती. माझा कालवाही होता. अध्यक्ष वयस्क वकील होते, पांढरी टोपी, शांत माणूस. त्यांनी एकेक चित्र थांबून बघितलं. मला वाटलं, झालं काम.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण इस्पितळाच्या विहिरीनं तळ गाठलाय. टँकर एक दिवसाआड येतो, त्याचेही पैसे आपल्याला द्यावे लागतात. बाहेर माणसं परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढताहेत. उद्या कुणी मला विचारलं की अशा वर्षात तुम्ही रंगांवर खर्च केलात, तर मी काय सांगू?"

"पाणी थांबवा असं मी म्हणत नाही," तुम्ही म्हणालात.

"ते खरंय. मग मला एवढं सांगा, यानं नेमकं बरं काय होतं?"

डॉक्टर तुमच्याकडे बघत होते. आम्ही सगळी बघत होतो. तुम्ही एवढंच सांगायचं होतं, बाई. ही मुलगी मुकी झाली होती, चित्रांनी बोलती झाली. एका वाक्याचं काम. तुम्ही भिंतीवरच्या त्या तपकिरी कागदांकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "ती बोलायला लागली हे खरं. पण ते चित्रांमुळे की दिवस गेले म्हणून, हे मी छातीवर हात ठेवून कसं सांगू? मला वाटतं चित्रांमुळे. एवढंच."

अध्यक्षांनी मान हलवली. त्यात उपहास नव्हता. उलट तुमच्या खरेपणाचं त्यांना बरंच वाटलं असावं. "तुम्हालाच खात्री नाही, तर मी कमिटीला कशी देऊ?" असं म्हणून ते पुढच्या वॉर्डाकडे गेले.

त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. टँकरचं ते पाणी मीही प्यायले. त्या उन्हाळ्यात पाणी नसतं तर जखमा धुता आल्या नसत्या, आणि चित्रांशिवाय कुणी तडकाफडकी मरत नव्हतं. पुढे नोकरीत मी अशा कितीतरी सभांमध्ये बसले, आणि प्रत्येक ठिकाणी आधी छप्पर, आधी पाणी, आधी औषध असंच म्हटलं गेलं. ते चूक आहे असं म्हणवत नाही. पण आधी काय ते ठरलं की नंतरचं कधी येत नाही, हेही मी प्रत्येक ठिकाणी बघितलं.

तुम्ही तरीही येत राहिलात. खडू संपले तेव्हा कोळसा आणि गेरू आणलेत, कागद संपले तेव्हा जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. मे महिन्याच्या सुटीत तर आठवड्यातून दोनदा. उन्हानं तुमचा चेहरा रापला होता. जून उजाडला आणि बदलीचा कागद आला, संस्थेच्या पारनेरच्या शाखेत. पारनेरहून शनिवारी दुपारी निघून त्याच दिवशी परतणं त्या काळच्या एस.टी.ला जमण्यासारखं नव्हतं. तुमच्या घरी वृद्ध आई आहेत आणि तुमच्या पगारावरच घर चालतं, हे मावशींनी आम्हाला सांगितलं. तुम्ही स्वतः कारणं सांगत बसला नाहीत. शेवटच्या शनिवारी मला तुमची स्वतःची पेन्सिलींची पेटी दिलीत, लाकडी, सरकत्या झाकणाची. तिच्यासाठी नवा कोरा तपकिरी खडू आणला होता, अख्खा, कागदात गुंडाळलेला. तो तिच्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "मी आता पारनेरला चाललेय. इथं येणं व्हायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

तुम्ही थोडा वेळ थांबलात. तुम्हाला वाटलं असेल, ती आणखी काही बोलेल. ती भिंतीकडे बघत होती. मग तुम्ही पिशवी उचललीत. दाराशी चपला शोधताना तुमची पाठ मला दिसत होती. तुम्हाला चपला सापडत नव्हत्या, समोरच असून.

त्यानंतर ती बोलली नाही. हे मी तुम्हाला कधी कळवलं नाही आणि कळवायला मला जागाही नव्हती, पण तुम्हाला ते कळायला हवं होतं, की कळायला नको होतं, हे माझं अजून ठरत नाही. 'बरं' हा तिच्या तोंडून मी ऐकलेला शेवटचा शब्द. सिस्टरनी फळी बांधून बघितली. डॉक्टरांनी तिच्याजवळ बसून स्वतः झाड काढून दाखवलं, अगदी वाईट झाड. मी कालव्याच्या आणखी मोठ्या थापा मारल्या. ती ऐकायची, हे मला कळायचं. पण "लई सांगतीस" काही आलं नाही.

पाय जुळला, थोडा आखूड राहिला. बाप न्यायला आला. अंगात नवी बंडी होती. एका फडक्यात सुकडी बांधून आणलेली, कामावर मिळालेली, ती त्यानं सिस्टरच्या टेबलावर ठेवली. मग लेकीसमोर उकिडवा बसला. "चल, माय. घरी जायचं." ती गप्प. "डाक्टर म्हनले हुते बोलती. आयला सांगून आलोय मी." ती त्याच्याकडे बघत होती, ओठ मिटलेले. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"तुज्याशी तरी बोलती का गं?"

"बोलायची," मी म्हटलं.

त्यानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. तिचा चेहरा पाठीमागे, म्हणजे माझ्याकडे होता. मी हात हलवला. दाराआड होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

मी बरी झाले, बाई. पाठीला थोडा बाक राहिला, पण मी चालले, शिकले, वाणिज्य शाखेला गेले आणि सहकार खात्यात हिशेबतपासनीस म्हणून लागले. चित्रं सुटली. तालुक्यातालुक्यांतल्या सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली. त्यात एकदा तिसगावचं काम आलं. दुपारी चहाच्या वेळी मी त्या वाडीचा विषय काढला, मुरमात भाऊ गेला त्या मुलीचा. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला आठवलं.

"ती व्हय? ती मुकी?"

"मुकी नव्हती ती," मी म्हटलं.

"न्हाई वं, मुकीच हुती. लंगडी अन् मुकी. दिली की मंग तिकडं बीडाकडं, बिजवराला. मानसं ऊसतोडीला जायाची. पुढचं काय म्हाईत न्हाई."

"ती बोलायची," मी पुन्हा म्हटलं. म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा तसाच ठेवून दप्तरात डोकं घातलं. सबंध गावात ती मुकी म्हणून वावरली, लग्न होऊन गेली, आणि त्या अपघातानंतर तिचा आवाज ऐकलेली माणसं म्हणजे तुम्ही, मी, डॉक्टर, सिस्टर आणि मावशी. पारनेरला मी त्यानंतर मुद्दाम गेले, कामाशिवाय. तुमच्या शाळेत चौकशी केली. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाल्याचं एका जुन्या मास्तरांनी सांगितलं. निवृत्तीच्या आधीच गेलात म्हणे, छातीच्या दुखण्यानं. "चित्रकलेच्या तासाला वर्गात कल्ला असायचा," ते म्हणाले, "आम्ही तक्रार करायचो. पण बाईंनी कधी पोरांना गप्प बसा म्हटलं नाही." मी शाळेच्या पायरीवर थोडा वेळ बसले आणि परतीची गाडी धरली. तुम्हाला एकदा येऊन भेटणं किती सोपं होतं.

आता हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. निवृत्तीनंतर मला नगरच्या एका इस्पितळाच्या विश्वस्त मंडळावर घेतलंय. रुपया-रुपयाचा जाब विचारते म्हणून घेतलंय, हे मला ठाऊक आहे. तिथं मुलांच्या वॉर्डात पुण्याहून शिकून आलेली एक तरुण मुलगी आठवड्यातून दोन दिवस येते. भाजलेली मुलं, अपघातातली, कर्करोगाची. ती त्यांच्याकडून चित्रं काढून घेते, मातीचं करून घेते. आता त्याला नाव आहे, आर्ट थेरपी म्हणतात. एका देणगीवर तिचं मानधन चालायचं, ती देणगी संपली. पुढे इस्पितळानं खर्च उचलायचा का, आणि उचलायचा तर दोन दिवसांचे सहा करायचे का, हा गेल्या आठवड्याच्या सभेतला विषय होता. त्याच सभेत एका यंत्राचीही मागणी होती, आणि यंत्रही गरजेचंच होतं.

एका विश्वस्तांनी तिला विचारलं, "याचा रिझल्ट काय?" ती म्हणाली, काही मुलं ड्रेसिंगला कमी घाबरतात, काहींना झोप लागते, काहींच्यात काहीच फरक पडत नाही, आणि जो पडतो तो माझ्यामुळेच पडतो असं मला सांगता येणार नाही. किती नीट बोलली. अध्यक्षांनी पुढच्या विषयाचा कागद हातात घेतला. मी आयुष्यात इतक्या सभा बघितल्यात की कागद उचलण्याच्या पद्धतीवरून निकाल कळतो.

मी बोलायला उभी राहिले. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. फळी, सुतळ्या, तपकिरी खडू, मध्ये सुटलेली कोरी जागा, "त्यो हितं हुता." सगळं जसंच्या तसं. मग सगळे पुढचं ऐकायला थांबले. आणि मी म्हटलं, ती मुलगी बरी झाली. घडाघडा बोलायला लागली. शाळेत गेली, पुढे अंगणवाडीत लागली, आता नातवंडं आहेत तिला. एका बाईंनी डोळे पुसले. प्रस्ताव मंजूर झाला, मागितलं होतं त्यापेक्षा थोडा जास्तच. बाहेर आल्यावर त्या मुलीनं माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, त्या आजींना एकदा वॉर्डात आणता येईल का? माझ्या मुलांशी बोलतील." मी म्हटलं, बघते.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचताना कपाळाला आठी घातली असतीत, हे मला दिसतं. लोकांच्या खोट्या नोंदी काढण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही नोंद कसली आहे ते मला कुणी सांगायला नको. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. सभेत बोलता बोलता मला ती दिसायला लागली होती. कुठल्याशा अंगणात बसलीय, केस पिकलेत, आणि नातवावर ओरडतेय, "आरं, आदी जेवून घे, मंग खेळाया जा." मला तिचा आवाज ऐकू येत होता, खरखरीत, भरपूर बोलणारा. बोलायचं थांबले तर तो बंद होईल म्हणून मी आणखी थोडा वेळ बोलत राहिले.